दहा गुणांचा प्रश्न

प्रश्न पहिला : आंतरराष्ट्रीय कायद्याची व्याख्या द्या,
व तो खऱ्या अर्थाने कायदा आहे काय, चर्चा करा.

कुडाळच्या रात्रवर्गात नऊ जण,
पंखा एक, तोही विजेच्या मर्जीवर.
मी फळ्यावर लिहितो :
सार्वभौम राष्ट्रांनी परस्परांशी वागताना
बंधनकारक मानलेल्या नियमांचा समूह.
'मानलेल्या' हा शब्द दोनदा गिरवतो.
खडू मोडतो.

मागच्या बाकावरून रेश्मिता खवणेकर :
सर, पण पोलीस कुठला?
आणि एखाद्याने नाहीच मानलं तर?

तास संपला होता, म्हणून बरं.
उत्तर नोट्समध्ये आहे, चार मुद्दे,
सतरा वर्षं तेच सांगत आलोय.

रविवारी निवतीला गेलो.
दाजी मेतरांची रापण पाण्यात होती,
होडीने अर्धचंद्र काढून
दुसरं टोक किनाऱ्याला आणून दिलेलं,
दोन्ही दोरांवर चाळीसेक माणसं
टाचा वाळूत रुतवून, मागे कलून.
दोराच्या शेपटाला टेकबहादूर,
वरच्या कलमांच्या बागेचा राखणदार,
घर पोखऱ्याच्याही पलीकडे कुठेतरी.
चालत आला, चपला एका दगडावर ठेवल्या,
कुणाला न विचारता दोर धरला.
तू कोण, असं कुणी म्हटलं नाही.

जाळं वर आलं : पेडवे, थोडे बांगडे,
बाकी सगळा जेलीफिशचा चिकट राडा.
वाळूवर वाटे पडले,
होडीचा, जाळ्याचा,
गेल्या भाद्रपदात नवरा गेला त्या शेवंतीचा,
आणि एक टेकबहादूरचा,
शेजारच्या वाट्याएवढाच. मी मोजून पाहिला.

ह्या खंय लिवलेला आसा? मी विचारलं.
दाजी हसले नाहीत.
"लिवलेला नाय. दोराक हात लावल्यान, वाटो झालो तेचो."
आणि नाही दिला तर?
"तर आमका कोण धरतलो? कोण नाय."
जाळ्यातला एक खेकडा सोडवत राहिले.
"पण फुडच्या खेपेक दोराक कोण येतलो?"

रात्री क्षितिजावर दिवे पेटले,
समुद्रात कुणी लग्नाचा मांडव घातल्यासारखे.
एलईडीच्या बोटी, जिथे येऊ नये तिथे आलेल्या.
सकाळी बंदरावर त्यांच्यातल्या एकाला गाठलं तर म्हणाला,
आम्ही कुठे आत आलो?
इंजिन बंद पडलं, वाहत आलो.

नियमच नाही, असं तो म्हणाला नाही.

मी अशी निवेदनं ढिगांनी वाचली आहेत.
रणगाडे सीमा ओलांडतात त्या पहाटे
कुठल्यातरी राजधानीत चष्मेवाला कुणी
कलमं शोधत बसलेला असतो,
का ओलांडावी लागली ते लिहायला.
त्याचंही इंजिन बंद पडलेलं असतं.
इतकी मेहनत माणूस
नसलेल्या गोष्टीसाठी करत नाही,
असं मी सोमवारी वर्गात म्हणालो.
बोलताना बरं वाटलं.

पण इंजिन बंद पडलेली ती बोट
काठोकाठ भरूनच बंदराला लागली होती,
आणि दाजींच्या टोपलीत तळाला पेडवे.
हे मी म्हणालो नाही.

रेश्मिताचा भाऊ त्याच बोटीवर खलाशी आहे,
हे कळलं परीक्षेनंतर, दुसऱ्याच कुणाकडून.

तिच्या पेपरात व्याख्या शब्दन् शब्द बरोबर,
'मानलेल्या'खाली रेघसुद्धा.
मग 'चर्चा' असं लिहून दोनच ओळी :
माझा भाऊ म्हणतो, सगळेच जातात.
पण परत येताना तो निवतीच्या बाजूने येत नाही,
लांबून वळसा घालतो, डिझेल जास्त जळलं तरी.

साडेसात दिले.
अडीच कशाचे कापले
ते समासात लिहायचं असतं.
पेपरांचा गठ्ठा परवा द्यायचा आहे,
समास अजून कोरा.